सकाळच्या जोडीदाराचं चाक

आदरणीय अध्यक्षा प्रमिलाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी शिक्षक, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

नवलभाऊंनी आत्ता निरोपाच्या भाषणात माझं इतकं कौतुक केलं, की हा भूपेंद्र पाटील नेमका कोण, असं मलाच विचारावंसं वाटलं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेवढं खरं. रोबोटिक्स स्पर्धेचा तो गाजलेला नियम माझा, असंही ते म्हणाले. ते मात्र खरं नाही.

नियम सातपुड्यातला आहे. धडगावकडच्या आश्रमशाळेत दहावीतल्या सुनिता पावराने मला तो सांगितला. एकाच्या शेतात काम अडलं की अख्खा पाडा मदतीला जातो, त्याला ते लाहा म्हणतात. मी तो उचलला. सकाळी चिठ्ठ्या टाकून दोन शाळांची जोडी लावायची; एकाचं यंत्र अडलं तर दुसऱ्याने आपला सुटा भाग द्यायचा. दुपारी अंतिम फेरीत मात्र ज्याचा तो. सहकार्य आणि स्पर्धेचा तोल साधला म्हणून पेपरात फोटोसुद्धा आला माझा!

दोन वर्षांपूर्वी, नियमाच्या पहिल्याच वर्षी, चिठ्ठीत आमची जोडी सुनिताच्या शाळेशी लागली. सकाळी तिच्या यंत्राचं चाक तुटलं, आमच्या काजलने आपलं दिलं. मैदानात आमचं यंत्र मधोमध, तिचं डाव्या कोपऱ्यात, अशा दोघींनी सगळ्यांना हरवलं. मग अंतिम फेरीत त्याच दोघी समोरासमोर आल्या. जिंकणारीला लोणखेड्याच्या कॉलेजात पुढचं दोन वर्षांचं शिक्षण फुकट मिळणार होतं, वसतिगृहासकट.

फेरीआधी सुनिता माझ्याकडे आली.

"सर, बॅटरी उतरली. एक द्या ना."

"आता अंतिम फेरी आहे. आणि माझ्याकडे नाहीच."

ती गोंधळली. "पण सर, सकाळी आपण एक होतो ना?"

लाहा दुपारी संपतो, हे तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. बॅटरी माझ्या पिशवीत होती. मंडळी, हे आज पहिल्यांदा बोलतोय.

तिचं यंत्र डाव्या कोपऱ्यात हात वर करून थांबलं. आम्ही जिंकलो. ती आईवडिलांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली. तिथे ताप आला आणि ती परत आली नाही. उन्हाळ्यात तिचे वडील सुरुपसिंग शाळेत आले, टेबलावर ते चाक ठेवलं आणि म्हणाले, "पोरीने सांगितलं होतं, चाक सरांचं आहे, परत द्यायचं." पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

कॉलेजातून सुट्टीत आलेल्या काजलने चाक आमच्या यंत्राला लावलं. त्या दिवसापासून यंत्र कुठूनही सोडा, डाव्या कोपऱ्यात जातं आणि हात वर करून थांबतं. कोणाची तरी वाट बघावी तसं.

"सर, मशीन परत तठेच जाई ऱ्हायनं," काजल रडकुंडीला आली. "प्रोग्राममा काहीच चूक नही शे!"

मोटार बदलली. तारा बदलल्या. विज्ञानाचा माणूस मी, भुताखेतांना हसत आलो. पण चाक काढायला काही हात धजावला नाही. तुम्ही काढलं असतं?

आज मुलांनी हौसेने माझा नारळ त्याच यंत्राच्या हाती दिला. ते माझ्यासमोरून गेलं आणि डावीकडच्या त्या रिकाम्या खुर्चीपुढे थांबलं. तुम्ही हसलात, टाळ्याही वाजवल्यात. गंमत म्हणून मुलांनीच केलं असेल, असं तुम्हाला वाटलं. काजलचा चेहरा मात्र मी पाहिला. त्याचं बटण तिने केव्हाच बंद केलंय. बघा, हात अजून वरच आहे.

प्रमिलाबाई, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. जोडी बक्षीस समारंभापर्यंत टिकू द्या, अंतिम फेरीतही मागेल त्याला भाग मिळू द्या. निवृत्त होणाऱ्या माणसाचा एवढा एक हट्ट पुरवा.

आपण सगळे उन्हातान्हाचे आलात, या माणसाला शाल पांघरलीत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर पोटात घाला. पण खरी माफी तुमच्याकडे मागून भागणार नाही. ही ती बॅटरी. त्या खुर्चीवर ठेवतो.

सुनिता, माझ्याकडे होती ग.