मागचे दोन स्पीकर

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. भजनात बुवा पुढं बसतो, गातो. मागची मंडळी त्याचं चरण उचलतात, टाळ धरतात. आता मला सांगा — देवाच्या कानावर आधी कुणाचा आवाज जातो? पुढच्याचा, का मागच्याचा?

पुढच्याचा म्हणता? माना डोलावल्या ते सगळे पुढं बसणारेच दिसतात! असू द्या. उत्तर मी देत नाही. कुरुंदवाडात भालचंद्रबुवा होते, ते देतील.

बुवांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. वायर दिसली की हात शिवशिवायचे! निवृत्त झाल्यावर काय आणलं असेल त्यांनी? लोक आरामखुर्ची आणतात. बुवांनी रिसिव्हर आणला. टेलिफोनचा नव्हे हो! हा मोठा, काळा, पुढं आकडे चमकणारा. पंगतीत वाढपी ज्याचं त्याच्या पानात वाढतो ना, तसा हा प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा आवाज वाढतो. पुढं दोन स्पीकर, मागं दोन.

आणि दर गुरुवारी दत्ताच्या देवळात बुवांचं भजन. तीस वर्षं! समोर वही नाही, कागद नाही. एक चरण कधी चुकलं नाही. लोक म्हणायचे, पाठांतर असावं तर बुवांसारखं. बुवा म्हणायचे, "देवाची कृपा." आणि त्यांच्या मागं, डाव्या अंगाला, टाळ घेऊन बसायची त्यांची बायको. शालनवहिनी.

एका गुरुवारी बुवांनी ठरवलं, भजन रेकॉर्ड करायचं. पण साधंसुधं नाही. चार माइक लावले — एक स्वतःपुढं, एक पखवाजापुढं, एक मागं शालनवहिनींपुढं, एक टाळकऱ्यांत. चारही आवाज वेगवेगळे धरले. घरी चार बाजूंनी वाजवायचं, मधे बसलं की आपण भजनातच बसलोय असं वाटलं पाहिजे! रेकॉर्डिंग कपाटातल्या एका डब्यात, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरात, ठेवलं, घरातल्या वायफायवरून ते रिसिव्हरकडं जायचं. मोबाइलवर बोट ठेवलं की भजन सुरू.

पण मंडळी, इथं एक घोटाळा झाला. तो रिसिव्हर वायफायवरून आलेलं गाणं दोनच स्पीकरपुरतं घ्यायचा. पुढचे दोन वाजायचे. मागचे दोन मुके. आणि पुढं कोण होतं? पखवाज, आणि बुवा स्वतः! बुवा डोळे मिटून ऐकत बसले. स्वतःचा आवाज खणखणीत येतोय म्हटल्यावर मागं काय राहिलं ते कोण बघतो?

शालनवहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी भीतभीतच विचारलं, "अहो, माझा आवाज येतो का यात?"

"वेगळा नाही येत. मागचा आवाज पुढच्यात मिसळून जातो."

"नाही येत ना? मग बरंच झालं," असं म्हणून त्या आत गेल्या.

बुवांना वाटलं, रुसली. नाहीतरी हिला यातलं काय कळतंय! मागचे स्पीकर येता-जाता पायात यायला लागले, तेव्हा बुवांनी ते काढून माळ्यावर टाकले.

आता तुम्ही म्हणाल, टेलिफोनमधला माणूस, लोकांच्या तुटलेल्या तारा खांबावर चढून जोडायचा, त्याला घरातलं कळू नये? त्याचं कारण ऐका. बुवा बाहेर भजन लावायचे, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात असायच्या. बुवांनी चरण म्हटलं की त्या आतून ते उचलायच्या. भाजी चिरता चिरता, कणीक मळता मळता! स्पीकर मुका होता, पण घर मुकं नव्हतं. तीन वर्षं बुवांना काही कमी आहे असं वाटलंच नाही.

आणि मग शालनवहिनी गेल्या. आठ दिवसांचं दुखणं. त्या आठ दिवसांतही त्या विचारायच्या, गुरुवारी देवळात जाणार ना?

दिवसवार झाले. बुवा भजनाला बसले. पहिलं चरण झालं, दुसरं झालं — तिसरं येईना! पखवाज वाजतोय, टाळ वाजतायत, लोक वाट बघतायत आणि बुवांच्या तोंडात शब्द नाही. लोक म्हणाले, दुःख ताजं आहे, होतं असं. पुढच्या गुरुवारी दोन ठिकाणी अडले. त्याच्या पुढच्या गुरुवारी बुवा गेलेच नाहीत.

घरी बसून ते रेकॉर्डिंग लावायचे. त्यात कुठं अडखळणं नाही! मग आत्ताच काय झालं? आणि चरण संपलं की आतून ते उचलणारं कुणी नव्हतं. बुवा तिथंच बंद करायचे. मंडळी, आपलं माणूस जातं ते एकदा जात नाही. भांडं पडल्याचा आवाज येत नाही, तेव्हा जातं. हाक मारली आणि ओ आली नाही, तेव्हा जातं.

लेक संपदा रजा काढून आली. बुवा तिला म्हणाले, "बाळ, एक सांगू? तुझ्या आईचा आवाज मला आठवेनासा झालाय. चेहरा येतो डोळ्यापुढं. आवाज येत नाही. घाबरायला होतं गं."

"बाबा, भजनात असेल की तिचा आवाज."

"नाही. हजारदा ऐकलंय मी."

संपदा उठली. तिनं भजन लावलं आणि रिसिव्हरवरचा आकडा बघितला. "बाबा, माइक किती होते?"

"चार."

"मग हा दोनच दाखवतोय. मागचे स्पीकर कुठायत?"

बुवांनी माळ्याकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक लहानसा प्लेयर आणला. वायफायवरून चारही आवाज घ्यायचे आणि जाड केबलनं रिसिव्हरला द्यायचे, एवढंच त्याचं काम. स्पीकर पुसले, मागं मांडले. रिसिव्हरवर चारचा आकडा आला. बुवा मधे बसले. मग संपदानं पुढचे दोन्ही बंद केले. नुसतं मागचं ठेवलं.

आधी टाळ आले. लांबून बुवांचा स्वर, पुसट. आणि मग डाव्या अंगाला, अगदी हलक्या आवाजात — एक शब्द. पुढच्या चरणाचा पहिला शब्द! शालनवहिनींचा आवाज. तो आला, की पाठोपाठ लांबून बुवा ते चरण घ्यायचे. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. तिसऱ्या चरणाला तर वहिनींनी दोनदा सांगितलं. तीस वर्षं बुवांचं एक चरण चुकलं नव्हतं!

भजन संपलं. टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला. माइक चालूच होता. वहिनी शेजारणीला म्हणत होत्या, "मी सांगते ते यात आलं असेल का गं? आलं असलं तर पुसून टाका म्हणायला पाहिजे. लोकांना कळेल, हे विसरतात ते."

"मग बरंच झालं" म्हणून वहिनी आत गेल्या होत्या — आठवतं ना मंडळी?

बुवा उठले. खुर्ची फिरवली आणि मागच्या डाव्या स्पीकरकडं तोंड करून बसले. म्हणाले, "पुन्हा लाव." आणि लहान पोरासारखे रडले.

त्या गुरुवारी बुवा देवळात गेले. पुढं नाही बसले. मागं, डाव्या अंगाला, तिच्या जागेवर टाळ घेऊन बसले. पुढं दुसराच माणूस गात होता. दोन चरणं झाली, तिसऱ्याला तो अडला. मागून हलकेच एक शब्द आला, आणि भजन पुढं चालू झालं. कुणाला कळलं नाही.

मंडळी, तुमच्या घरी मागं कोण बसलंय? कुणाच्या एका शब्दावर तुमचं चरण चाललंय? ते स्पीकर माळ्यावर टाकले असतील तर आजच काढा. ओ येतेय तोवर हाक मारून बघा. मलाही काही फार पाठ नाही हो! हे टाळकरी माझ्या मागं उभे आहेत, ते काय काय सांभाळतात ते त्यांनाच ठाऊक. तेव्हा आज शेवटचा नामघोष मी करत नाही. मी मागं वळून उभा राहतो. मागच्यांनी म्हणावं, मी ऐकतो.