काचेतला पक्षी आणि घाटावरचा कावळा

आमच्या मोठ्या मामांइतका शहाणा माणूस अख्ख्या सोलापुरात नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. मागे त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या शांतामावशीला, मी हैदराबादचं म्युझियम दाखवायला नेलं. तिथं काचेत इजिप्तचा एक जुना लाकडी पक्षी होता. वीतभरसुद्धा नाही, पण तोंड माणसाचं. पाटी मी वाचून दाखवली, की मेलेल्याचा आत्मा असा पक्षी होऊन येतो, अशी तिथल्या लोकांची समजूत होती.

मामा एवढ्या मोठ्यानं हसले की वॉचमन वळून बघायला लागला. “लई अडाणी लोक की रे! मेलेलं माणूस कधी पक्षी होऊन येतंय व्हय?”

आता हाच माणूस आजीच्या दहाव्याला घाटावर कावळ्यापुढं हात जोडून उभा होता. पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. ऊन चढलं, भुकेनं सगळ्यांचे जीव कासावीस झाले. शेवटी मामा रडकुंडीला येऊन कावळ्याला म्हणाले, “आई, शांताची काळजी करू नको. तिला मी जन्मभर माझ्या घरात सांभाळतो. शिव की आता!”

कावळा लगेच शिवला. आणि तेरावं उरकल्यावर मामांनी मावशीला ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून ती आमच्याकडंच असते.

म्युझियममध्ये मामांचं हसणं ऐकून मावशी काचेतल्या त्या पक्ष्याकडं बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “तुझं खरंय दादा. त्या कावळ्यात आपली आई असती, तर तुझ्या शब्दावर शिवली असती व्हय?”