न करवणारा विचार

डोळ्यांच्या दवाखान्यात ड्रायव्हर थेंब घालून डोळे मिटून बसला होता. कानांना मात्र सुट्टी नव्हती. शेजारी बसलेले म्हातारे मास्तर आपल्या बायकोला पेपर वाचून दाखवत होते, कारण तिच्याही डोळ्यांत थेंब होते.

“आजचा इंग्रजी शब्द, अनथिंकेबल. म्हणजे ज्याचा विचारही करवत नाही असं.”

“विचार केल्याशिवाय कसं कळलं, करवत नाही म्हणून?”

“फाटे फोडू नकोस. वाक्य सांग.”

“तुम्हाला सोडून जाणं अनथिंकेबल आहे.”

“शाब्बास! इतक्या पटकन कसं गं सुचलं?”

“सुचायचंय काय त्यात? रोज भांडी घासताना तोच तर विचार असतो.”

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

“अहो, उघडू का आता डोळे?”

“नको. जरा वेळ मिटलेलेच राहू देत.”