ईशान्येच्या खांबाखाली

जबाब
दिनांक २१ जानेवारी २०२५

माझे नाव संयोगिता प्रताप सूर्यवंशी, वय ५६ वर्षे, व्यवसाय वास्तुविशारद, राहणार विश्रामबाग, सांगली. सासर कुंडल, तालुका पलूस. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्याही दबावाशिवाय, पुढीलप्रमाणे सांगते की,

माझे वास्तुविशारद म्हणून नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र माझ्या हाती नाही. दुसरी प्रत मिळवायची तर पोलिसांकडील नोंद जोडावी लागते. ठाण्यातील छापील अर्जावर ‘हरवले’ आणि ‘चोरीस गेले’ असे दोनच पर्याय आहेत. माझे प्रमाणपत्र हरवलेले नाही, चोरीसही गेलेले नाही. ते कोठे आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून छापील अर्ज बाजूला ठेवून हा जबाब द्यावा लागत आहे.

मी १९९२ साली वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी घेतली. पदवी मिळाली म्हणून कोणी वास्तुविशारद होत नाही. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावी लागते, त्यानंतरच ते नाव लावता येते आणि नकाशावर सही करता येते. माझे लग्न त्याच वर्षी झाले. पती प्रताप लष्करात होते. मी साताऱ्यात एका खाजगी कार्यालयात नकाशे काढण्याची नोकरी धरली आणि ती कार्यालय बंद होईपर्यंत केली. नकाशे माझे, सही मालकांची. त्यात गैर काही नव्हते, ते तपासून सही करत. कोणी मला आर्किटेक्ट म्हटले तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करत असे.

मी काढलेली घरे साताऱ्यात, फलटणला, शिरवळला आहेत. बहुतेकांच्या आत मी कधी गेलेली नाही. संध्याकाळी एसटीने शिरवळवरून जाताना दिवे लागलेले असत. एखादी खिडकी माझी आहे हे उंचीवरून ओळखू येई. तिथे कोणी केस विंचरत उभे असे, कोणी मुलाला उचलून रस्ता दाखवत असे. मग गाडी पुढे जाई. या मजकुराचा तपासाशी संबंध नाही असे हवालदारांनी सांगितले. नोंदणीला इतका उशीर का, असे त्यांनीच विचारले होते, म्हणून सांगितले.

प्रताप आज हयात नाहीत. त्यांच्या आई बनुबाई, वय ८१, कुंडलला माझे दीर भाऊसो यांच्याकडे असतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मळ्यात नवे घर बांधायचे ठरले तेव्हा भाऊसो पलूसच्या एका इंजिनियरला घेऊन आले. आत्याबाईंनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवले. मला म्हणाल्या, “तू काढ. आन् सहीबी तुजीच पायजे. दुसऱ्याच्या सहीच्या घरात मी न्हाई जायची.” त्यावरून मी नोंदणीचा अर्ज केला. नोव्हेंबरात मला नोंदणी क्रमांक कळवण्यात आला. त्या क्रमांकावर घराचा नकाशा मंजूर झाला. अट एकच, जोत्याच्या तपासणीवेळी मूळ प्रमाणपत्र दाखवावे. न दाखवल्यास जोत्यावरचे काम सुरू करता येत नाही.

डिसेंबरात गवंडी बिरदेव याने मळ्यात फक्की मारून घर आखले. पांढऱ्या पुडीच्या रेषांनी खोल्या जमिनीवर काढल्या. त्या सकाळी दाट धुके होते. शेजारच्या रानातला ऊस तुऱ्यावर आला होता. वर पांढरे, खाली पांढरे, मध्ये माणसे कमरेपासून वर तेवढी दिसत होती. मी कागदावर पुष्कळ घरे पाहिली आहेत, पण त्या सकाळी घर जमिनीला टेकलेले आहे की नाही हे सांगणे कठीण होते.

आत्याबाई दाराच्या जागी आल्या. चपला बाहेर काढल्या. आत आल्या त्या दारातूनच, आणि प्रत्येक खोलीत त्या त्या खोलीच्या दारातून गेल्या. स्वयंपाकघरात खाली बसल्या. बिरदेव टेप घेऊन रेषेवरून सरळ आत आला.

“भितीतनं काय येतूस रं बिरदेवा? भूत हाईस व्हय?”

“आवं आजी, भित कुठाय अजून?”

“तुला दिसंना म्हून न्हाई व्हय? फिरून ये. दारातनं ये.”

बिरदेव फिरून दारातून आला. त्यानंतर शेजारच्या बायकाही दारातूनच आल्या आणि सोप्यात बसून हळू आवाजात बोलू लागल्या, जणू आतल्या खोलीत कोणी झोपले आहे. आत्याबाईंनी मला विचारले, “परतापची खोली कंची?” मी बिरदेवला टेपचे दुसरे टोक धरायला सांगितले. ऊन वर आल्यावर धुके गेले, आणि जमिनीवर रेषा राहिल्या.

प्रमाणपत्र पोस्टाने कुंडलच्या पत्त्यावर आले. तो पत्ता मीच दिला होता. त्या दिवशी मी सांगलीत होते. भाऊसोंनी पाकीट घेतले आणि आत्याबाईंनी विचारले म्हणून वाचून दाखवले. “वैनीचं नाव हाय, नंबर हाय. सरकारनं लिवून दिलंय, आता ह्या खऱ्या.” आत्याबाईंनी ते मागून घेतले. मला ही हकीकत भाऊसोंनी नंतर सांगितली.

दुसऱ्या दिवशी पायाभरणी होती. ईशान्येच्या खांबाच्या खड्ड्यात पूजा झाली. आपल्याकडे घराच्या पायात तांब्या पुरतात, त्यात पंचरत्न, नाणे, सुपारी घालतात. तांब्या आत्याबाईंनी आदल्या रात्रीच भरून झाकण लावून ठेवला होता. मी हजर होते. त्यावर काँक्रीटची पहिली पाटी मी स्वतः ओतली.

चार दिवसांनी पाकिटाची चौकशी केली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “हाय की. जितं पायजे तितं हाय.” कागद त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळून तांब्यात घातला होता.

मी विचारले, “आत्याबाई, असे का केले?”

“सोनं घातलं आसतं तर इचारलं आसतंस व्हय? पायात मोलाचं घालत्यात. माज्याकडं त्याच्याएवढं मोलाचं दुसरं काय हाय? आन् कुणी काढलं ते घराला कळाय नको?”



भाऊसोंचे म्हणणे, ब्रेकर आणून फोडू. बिरदेव म्हणाला, फोडतो, पण खांब नव्याने भरावा लागेल. मी फोडू दिले नाही. काम पक्के भरलेले आहे. भरलेला पाया एका कागदासाठी फोडा, असा हुकूम मी दुसऱ्या कोणाच्या घराला दिला नसता. शिवाय फोडताना आत्याबाई तिथे उभ्या राहिल्या असत्या. आतला कागद आता वाचण्याजोगा आहे की नाही, तेही सांगता येत नाही.

जोत्याची तपासणी येत्या महिन्यात आहे. दुसरी प्रत तोवर मिळाली नाही तर काम थांबेल. आत्याबाईंचे वय वर नमूद केले आहे.

येथे हवालदारांनी मला सांगितले, “मॅडम, हरवलं म्हणा की. सगळी तेच म्हणत्यात. मागल्या आठवड्यात एकाचं मार्कशीट म्हशीनं खाल्लं, त्यानंबी हरवलंच लिवलं. दुपारपर्यंत कागद हातात.” ते माझ्या सोयीसाठी बोलत होते, हे मला मान्य आहे. परंतु नोंदणी झाल्यानंतर मी सही करणार असलेल्या पहिल्या काही कागदांपैकी हा एक आहे. त्यावर जे नाही ते लिहिणार नाही.

तक्रार कोणाविरुद्ध, असे विचारण्यात आले. कोणाविरुद्धही नाही. त्यावर बाहेर बाकावर बसलेल्या आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, “माज्याविरुद्ध लिवा की. मीच घातलंय. पर काढाय लावू नगा.” त्यांना खुर्ची देण्यात आली.

सबब, माझे प्रमाणपत्र अस्तित्वात आहे परंतु घर उभे असेपर्यंत हाती येऊ शकत नाही, अशी नोंद घेऊन तिची नक्कल मला द्यावी. परिषद ती मान्य करील की नाही, हे मला माहीत नाही.

हा जबाब मी सांगत गेले तसा टंकलिखित झाला. मी तो स्वतः वाचला आणि आत्याबाईंना वाचून दाखवला. दोन ठिकाणी ‘हरवलेले’ असे पडले होते, ते माझ्यासमोर काढण्यात आले. आता मजकूर खरा आहे.

जमा केलेले कागद: नोंदणी क्रमांक कळवल्याच्या पत्राची झेरॉक्स. मंजूर नकाशाची एक प्रत, माझ्या सहीची. त्यावर प्रमाणपत्राचे ठिकाण लाल पेनाने दाखवा, असे हवालदारांनी सांगितले. मी पेन शोधत असताना आत्याबाईंनी टेबलावरच्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, “कंचा कोपरा गं?” असे मला विचारले, आणि मी बोट ठेवले तिथे तो उठवला. वेगळी खूण करण्याची गरज राहिली नाही. नकाशा तसाच जमा करून घेण्यात आला.