मंतीचा उघड्या तोंडाचा फोटो

प्रांजली : बाबा, सुधाआत्याचं पत्र गणपतीत आलं होतं. भाऊबीज आठवड्यावर आली. अजून उत्तर नाही दिलंत?

दिनकरराव : लिहायला बसतो गं. ‘प्रिय सुधा’च्या पुढं हात जात नाही.

लीलाताई : त्यात काय एवढं? तिच्या दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली, भिंतीवर लावायला तिथं जन्मलेल्या मुलांचे फोटो मागते आहे. नातीचा एक पाठवून द्या. तोंड मिटलेला.

प्रांजली : तसा फोटोच नाहीये, आई. मंतीची जीभ मोठी आहे, तोंडात मावत नाही.

लीलाताई : बारशाचा आहे. मी झबल्याची कड वर ओढून धरली होती.

प्रांजली : हद है! माझ्या लेकीचं तोंड झाकून भिंतीवर लावायचं?

लीलाताई : सुधा काय परकी आहे? सख्खी नसली तरी इतकी वर्षं ह्यांना ओवाळते. तिच्याच हातानं तुझी कूस उजवली.

प्रांजली : म्हणूनच तर! दुसऱ्या कुणी डॉक्टरनं लपवलं असतं, तर इतकं लागलं नसतं. मी समोर बसून विचारलं होतं, आत्या, टेस्ट ट्यूबमुळं बाळाला काही होत नाही ना? बोलली, ‘बिल्कुल नाही. बाकीच्या बाळांसारखंच बाळ.’

दिनकरराव : मी शेजारीच होतो. माधवगंजातल्या तिच्या दवाखान्यात तुला मीच नेलं.

प्रांजली : आणि मंती झाली, साखर उतरून तिला झटके आले, तेव्हा हीच आत्या माझ्या सासूला विचारते, तुमच्याकडे कुणाला असं होतं का? तेव्हापासून सासरी कुणाच्या खानदानात खोट, हेच चाललंय.

लीलाताई : तिला माहीत नसेल गं.

प्रांजली : होतं माहीत. मंतीचा आजार ओळखला ते दिल्लीचे डॉक्टर बोलले ना, ‘हिच्या जन्माच्या आदल्या वर्षी या आजारावर बैठक होती, त्यात तुमच्या डॉक्टरबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या.’

लीलाताई : म्हणजे हे दवाखान्यामुळंच झालं?

दिनकरराव : तसं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. मला कळलं ते असं... चुकतही असेन. लायब्ररीत आम्ही एका पुस्तकाच्या दोन प्रती ठेवायचो. एकीवर शिक्का, ही बाहेर द्यायची नाही. जनुकांचंही तसंच. एक प्रत आईची, एक बापाची, आणि काही ठिकाणी त्यातली एक बंद. मंतीत तो शिक्का बिघडला. आपसूकही बिघडतो. टेस्ट ट्यूबच्या बाळांत जरा जास्त वेळा, तरी हजारोंत एखाद्यात.

लीलाताई : हजारोंत एक! तेवढ्यासाठी पोरीला घाबरवायचं कशाला?

प्रांजली : मी घाबरून थांबले नसते, आई. मला मंतीच हवी होती. पण जन्मताच साखर बघा, असं कुणाला तरी सांगितलं असतं मी. पोटात गाठ होऊ शकते, सारखी सोनोग्राफी करत राहायची, हे परक्या गावात परक्या माणसाकडून कळलं मला. तेही दीड वर्षानं.

दिनकरराव : मग... काय लिहू, सांग.

प्रांजली : मला नका विचारू. बहीण तुमची आहे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, महाराज बाड्याच्या चौकात, टपालपेटीपाशी.)

प्रांजली : कोणता फोटो घातलात?

दिनकरराव : इमरती खातानाचा. जीभ बाहेर, पाक हनुवटीवर.

प्रांजली : आई काही बोलली नाही?

दिनकरराव : पाकीट तिनंच चिकटवलं.

प्रांजली : आणि पत्रात?

दिनकरराव : ‘प्रिय सुधा, हा फोटो भिंतीवर लाव. कुणी विचारलं, हिला काय झालंय, तर खरं सांग. आणि कुणी विचारलं नाही तरी सांग.’ एवढंच. रागाचं लिहायचं होतं, जमलं नाही.

प्रांजली : द्या, मी टाकते.

दिनकरराव : नको. मला टाकू दे... पडलं.

प्रांजली : भाऊबीजेच्या आधी पोचेल. मग? जाणार ओवाळून घ्यायला?

दिनकरराव : सदरा इस्त्रीला दिलाय. तिनं बोलावलं, तर मंतीला घेऊन जाईन.