गोल गरगरीत

चष्म्याच्या दुकानात आपली पाळी येईपर्यंत एक बाई शेजारी बसलेल्या आजोबा-नातीचं बोलणं ऐकत बसली. आजोबांच्या नाकावर नवाकोरा चष्मा होता आणि नातीनं त्यांच्यासमोर फोन धरला होता.

"आजोबा, हा माझा गेम. यातली अक्षरं तुमची, तुम्ही तरुणपणी कॉम्प्युटरच्या गेमसाठी ठिपके जोडून काढलेली."

"माझी? अगं, या तर विटांच्या पायऱ्या आहेत!"

"एकही ठिपका हलवलेला नाही हो."

"आमच्या त्या जुन्या धूसर स्क्रीनवर ठिपके एकमेकांत विरघळायचे. 'ठ' कसा गोल गरगरीत दिसायचा!"

"आता लोकांना चौकोनीच आवडतं."

"आवडू दे. गेममधून माझं नाव काढून टाक."

"तुमच्या नावासाठीच तर केला मी गेम."

आजोबांनी रागानं चष्मा काढला, आणि त्यांची नजर पुन्हा फोनवर गेली.

"अरेच्चा! हलवू नकोस. हाच, हाच माझा 'ठ'! नाव राहू दे गं."