खेळातले डॉक्टर

काय सांगू बायांनो, मला धक्काच बसला! मी तापानं फणफणत पडलेली, आणि बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला, "हलू नको, पट्टी बांधतो!"

कोण पडलं म्हणून धडपडत गेले, तर हे केज गावच्या धाकट्या भावासोबत मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळत होते.

"मी डॉक्टर हाय," हे म्हणाले. "खेळात आधी कुणीबी जखमीला उठवायचं. आता नव्या नियमानं फक्त डॉक्टरच उठवतो. म्हणून मला लई किंमत आली."

"घरात भाकरी फक्त मीच करते. मला कोण उठवणार?"

मोबाईलमधून तो धाकटा दीर ओरडला, "दादा, आमाला मरू द्या! आधी वहिनीला बघा, न्हाई तर उपाशी मरताल!"

हे खरंच फोन टाकून स्वयंपाकघरात गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच! मी बघतच राहिले.

तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, चहापत्ती कुठं असते?"